एक माणूस, एक पेशा

९ बहमन १३२० फसली. सकाळ.

आजपासून रोजनिशी. तारखा मोगलाईतल्या सरकारी, फसली सनाच्या घालणार. तिथी घरात चालू द्या.

काल तालुक्याच्या कचेरीतून हुकूम आला. यंदा पावसानं ओढ दिली, म्हणून तलावाचं काम निघायचं आहे. त्याआधी कोणत्या गावात कोणत्या पेशाचे किती हात मिळतील ते सरकारला समजायला हवं. आमच्या गावची पेशावार याद मी करायची! नगरला राहून इंग्रजी तिसरी केलेला माणूस या पंचक्रोशीत दुसरा नाही. गावचे पाटील मोहनरावदादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, यांनी माझं नाव सुचवलं असं मुक्ता म्हणते. बायको आहे. तिला सिस्टिम कळत नाही.

निश्चय : पहाटे उठणे. तपकीर बंद. दादांशी बोलताना जमिनीकडे न पाहणे.

संध्याकाळ.

तपकीर पुढच्या महिनाअखेरीपासून. डबी नुकतीच भरली आहे, फेकणं उधळपट्टी होईल. यादीच्या कामाला ओसरीवर बसू का, असं दादांना विचारायचं होतं. ते जेवत होते. मग झोपले. माणसाला झोपेतून उठवून ओसरी मागणं बरं दिसत नाही. गोठ्याशेजारी बसतो. उजेड तिथंही आहे.

१२ बहमन.

कड्याला, बाजाराच्या गावी, जाऊन आलो. तालुका कचेरीच्या पेशकार साहेबांचा मुक्काम तिथं आहे. त्यांनी आम्हा यादीवाल्यांना समोर बसवून समजावलं. "एक आदमी, एक पेशा." कुणी दहा धंदे करत असला तरी पोट ज्यावर जास्त भरतं तोच लिहायचा. जात लिहायची नाही, पेशा लिहायचा. एका गावची कच्ची याद त्यांनी सगळ्यांसमोर उघडली, तर वरपासून खालपर्यंत नुसती शेती, शेती, शेती. साहेबांनी ती लिहिणाऱ्याच्या अंगावर भिरकावली. म्हणाले, "सब खेती? तो फिर जूते कौन सीता है?"

मी इतरांच्या आधी हसलो. साहेबांच्या ते लक्षात आलं.

काम चोख झालं तर गिरदावराची, म्हणजे गावोगाव पीकपाणी तपासणाऱ्याची, जागा निघणार आहे असं कारकुनांत ऐकलं. पाटलाची शिफारस लागते. ती घरातच आहे. म्हणजे जागा मिळाल्यात जमा. मुक्ताला सांगितलं. ती म्हणाली, आधी गोठ्यातून ओसरीवर या.

१५ बहमन.

कामाला सुरुवात. पहिली गल्ली अख्खी शेती. सुतारसुद्धा शेती. त्याच्या हातात रंधा होता, पुढ्यात वखराचं लाकूड होतं आणि तोंडानं शेती. मी म्हटलं, रंध्यानं शेती करतोस काय? तो म्हणाला, वखर शेतातच चालतो ना.

म्हाळूचं वेगळंच. पावसाळ्यात औत हाकतो, हिवाळ्यात विहिरी खणतो, लग्नसराईत वाजवायला जातो. मी म्हटलं, यातला एक निवड. त्यानं विचारलं, "कावून?" मी म्हटलं, सरकारला एकच हवा. तो म्हणाला, "मंग सरकारला म्हणावं पावसाळ्यात या. तवा मी एकच काम करतो." विहीरखोद्या लिहिला. छापील यादीतला तो रकाना रिकामा होता.

ही लोकं फसवतात असं नाही, पण त्यांच्या डोक्यात रकाने नाहीत. ते घालावे लागतील.

१८ बहमन.

आश्रुबा चावडीच्या पारावर बसून असतो. पेशा विचारला तर म्हणाला, "बसतो." दाढी करत नाही, शेतात जात नाही, लेकाच्या घरी जेवतो. खूप विचार करून "पहारा" लिहिलं. तो दिसतोही तसाच.

भामाबाई बाळंतपणं करते, मळणीला जाते, शेंगा भाजून विकते. बाईमाणूस असल्यामुळे "नवऱ्याच्या आश्रयाने" लिहिलं. नवरा वारून बरीच वर्षं झाली हे घरी आल्यावर मुक्तानं सांगितलं. दुरुस्ती करायची आहे. पान खराब होईल म्हणून सगळ्या दुरुस्त्या शेवटी एकदम.

मुक्तानं विचारलं, स्वतःच्या नावापुढं काय लिहिलं? "सरकारी नोकर." पगार कुठाय, म्हणाली. पगार हा पेशाचा भाग नाही. तिला हे समजावत बसलो, भाकरी गार झाली.

२१ बहमन. दुपार.

आज आसारामचं घर. आसाराम हा माझा लहानपणापासूनचा दोस्त. एका विहिरीत पोहलो आहोत. पण चारचौघांत "काय बे गहिन्या" म्हणतो. हुकूमवाल्या माणसाला हे शोभत नाही. त्याची ही सवय घालवायला हवी.

त्याची ओढ्याकाठी थोडी शेती आहे. मेंढ्यांचं खांड आहे. बायको चतुराबाई लोकर कातते, घोंगडीही विणून देते. शिवाय मेंढ्या लोकांच्या रानात बसवतो. म्हणजे पीक निघालं की मोकळ्या शेतात वाघर लावतो, जाळीच्या त्या कुंपणात रात्रभर मेंढ्या बसतात, शेत खतावतं आणि मालक त्याला ज्वारी देतो. आमच्या रानातही दर साल बसवतो. आता या पेशाला काय म्हणायचं? बसतात मेंढ्या, जागतो हा, पीक आम्हाला येतं.

म्हणाला, "शेती लिव बे." मी म्हटलं, पोट जास्त कशावर भरतं? तो म्हणाला, पोटाला तर चतुरा घालते, तिचं नाव लिहितोस का? मी गंभीर राहिलो. मग तोही गंभीर झाला. म्हणाला, "गहिन्या, शेती लिवली म्हंजी मी गावचा. मेंढरं लिवली म्हंजी वाटचा, फिरस्ता. गावच्या जनावरांला गायरान फुकट हाय. वाटच्या मेंढरांला न्हाई. तुला ठावं हाय की."

ठाऊक आहे. हा गावचा दस्तूर आहे. सरकारी यादीशी त्याचा काय संबंध? पण मित्र आहे म्हणून म्हटलं, बघू. चतुराबाईनं ताक दिलं. चांगलं होतं.

संध्याकाळ.

"मेंढपाळ" लिहिलं.

रकाना अगदी कोरा होता. यादीत तेवढीच एक जागा ओकीबोकी दिसत होती. शिवाय धनगर ही जात, मेंढपाळ हा पेशा, हा बारीक फरक दाखवायची हीच संधी. अक्षर फार सुरेख आलं. आसारामला सांगायचं कारण नाही. त्याला वाचता येत नाही, उगाच जिवाला घोर लागायचा.

२५ बहमन.

साहेबांना कच्ची याद दाखवली. बोट फिरवत फिरवत खाली आले आणि मेंढपाळावर थांबले. "बहुत खूब. ये है काम." पक्की प्रत पुढच्या महिन्यात, इस्फंदारच्या अखेरीला द्यायची. तोवर वाटेल ती दुरुस्ती करता येते. म्हणजे घाई अजिबात नाही.

परत येताना वाटेत आसाराम भेटला. मेंढ्यांमागं चालला होता. "लिवलं का बे?" मी मान डोलावली. हे खोटं नाही. लिहिलं तर आहेच.

२८ बहमन.

दादांनी याद मागितली. ओसरीवर बसवून घेतलं! पहिल्यांदा. चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली. आसारामच्या ओळीवर फार वेळ थांबले. मग पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "गहिनीनाथ, लई बेस काम केलंस."

एवढं त्यांनी माझ्या लग्नातही म्हटलं नव्हतं. मुक्ताला सांगितलं. तिनं विचारलं, त्या ओळीत काय आहे? सांगितलं. चुलीतलं लाकूड ओढून तिनं जाळ विझवला.

२ इस्फंदार.

गायरानाच्या तोंडाला दादांनी बाभळीच्या काट्या घालून घेतल्या.

आसारामला चावडीवर बोलावलं होतं. मीही होतो, मागं. दादा शांतपणे बोलले. वाटच्या मेंढ्या गायरानात जायच्या असतील तर डोईमागं चराई द्यायची. आसाराम म्हणाला, मी वाटचा नाही, माझा बाप या गावचा, माझं रान ओढ्याला आहे. दादा म्हणाले, "आमच्या गहिनीनाथानं सरकारी यादीत लिवलंय. शिकलेला माणूस हाय. मी पाटील हाय, सरकारच्या पुढं मी काय करणार?"

आसारामनं माझ्याकडं पाहिलं. मी आश्रुबाकडं पाहिलं.

मग दादांनी तोड सांगितली. चराई नको. त्याबदली उन्हाळाभर आमच्या रानात मेंढ्या बसव, ज्वारी मागू नको. एका अंगानं पाहिलं तर दादांचं मन मोठंच. दुसऱ्या अंगानं आज पाहिलं नाही.

३ इस्फंदार.

उद्या दादांशी बोलायचं. उभं राहून.

४ इस्फंदार.

दादा रानात गेलते. संध्याकाळी आले तेव्हा दमलेले होते.

६ इस्फंदार.

अमावास्या. आज कुणी महत्त्वाचं बोलत नाही.

मुक्ता रोज दोनच शब्द बोलते. "बोललात का?" मी तिला सांगितलं, दादा माझा शब्द मोडत नाहीत. अजून शब्द टाकलेला नाही, पण मोडलेलाही नाही.

९ इस्फंदार.

आसाराम गोठ्याशी आला होता. उभाच राहिला. म्हणाला, "गहिनीनाथराव, तुमी एवढं दादांस्नी सांगा, लिवताना चूक झाली म्हणून. लई उपकार होतील."

राव म्हणाला. तुम्ही म्हणाला. सवय घालवायला मला काहीच करावं लागलं नाही. यात आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तो गेल्यावर बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. बैलाला आवडलं असावं.

मेंढ्यांना चारा कुठं घालतोस विचारलं. ओढ्याच्या काठानं, म्हणाला. तिथं आता दगडच आहेत. कोकरं आहेत, आयांना दूध येत नाही. हे सगळं त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

नक्की बोलणार.

१३ इस्फंदार.

आज बोललो! दादा अंघोळीला बसले होते. मी म्हटलं, "दादा, ते आसारामचं." दादा म्हणाले, "त्येचंच म्हणत होतो. तुझी गिरदावरीची शिफारस लिवायची हाय. पेशकार साहेबाला तुझी याद लई आवडली म्हणं. आता त्यात खाडाखोड करू नगंस." मी म्हटलं, बरं.

बोलणं झालं. विषय निघाला हे महत्त्वाचं.

मुक्ताला "बोललो" असं सांगितलं. ती एकदम उठून चतुराबाईकडं निघाली. तिला थांबवून बाकीचं सांगावं लागलं. त्यानंतर ती माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलते आहे. तेही भाकरीशी बोलल्यासारखं.

१८ इस्फंदार.

मार्ग सापडला! खाडाखोड करायची नाही. वेगळी चिठ्ठी लावायची : "सदर इसम मूळचा या गावचा रहिवासी असून शेतीही करतो." म्हणजे याद सुंदरच राहील, दादांना दिसणार नाही आणि आसारामला न्याय मिळेल. शिकलेल्या माणसाचा हाच फायदा. चिठ्ठी लिहिली. टाचणी म्हणून बाभळीचा काटा लावला, कचेरीत तसंच टाचतात.

आसारामला सांगायला गेलो. म्हटलं, काळजी करू नकोस, वरच्या वर काम केलं. त्यानं विचारलं, "मंग गायरानाच्या काट्या निघतील का?" मी म्हटलं, कागद वर जाईल, खाली येईल, मग निघतील. तो बरं म्हणाला. एका कोकराच्या तोंडात तो कापडाच्या बोळ्यानं दूध पिळत होता. शेळीचं असावं. कोकरू गिळत नव्हतं.

३० इस्फंदार.

पक्की याद देऊन आलो. कड्याच्या अलीकडं वारा फार. साहेबांसमोर कागद सोडले तेव्हा चिठ्ठी नव्हती. काटा होता.

साहेब घाईत होते. तोंडी सांगता आलं असतं. पण तोंडी गोष्टीला कचेरीत किंमत नसते आणि साहेब एवढे खुश होते की त्यांच्या रंगाचा बेरंग करणं असभ्यपणा झाला असता. वाटेत चिठ्ठी शोधत आलो. सापडली नाही. वाऱ्याला कुणी काय करणार?

तपकीर सोडण्याचा आज दिवस होता. या परिस्थितीत शक्य नाही.

६ फरवर्दी.

आसारामनं दादांच्या रानात फुकट मेंढ्या बसवायला नकार दिला. दादांनी ऐकलं आणि फक्त "बरं" म्हणाले. त्यांचं "बरं" मला ठाऊक आहे.

सुताराकडं गेलो, वखर घ्यायला. तो म्हणाला, तयार नाही, मी शेतकरी आहे. बाकीचे हसले. म्हाळूही. मी रागावलो नाही. माझ्यावर पुढं मोठी जबाबदारी येणार आहे, हसणं सहन करता आलं पाहिजे. पण त्यांच्यात आसाराम नव्हता. तो असता तर तोही हसला असता आणि मग बरं वाटलं असतं.

११ फरवर्दी.

कोकरं मेली. किती ते मुक्तानं सांगितलं, लिहीत नाही.

ती चतुराबाईकडं घरातली कणी घेऊन गेली होती, लपवून. परत आली आणि म्हणाली, चतुराबाई कणी घेत नव्हती. म्हणाली, पाटलाच्या घरचं कसं घेऊ? मग दोघी रडल्या. मुक्तानं हे सांगितलं आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी बाहेर जाऊन उगाच बैलाची दावण तपासली.

मला वाईट वाटतं. इथं लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही. लई वाईट वाटतं. मी काही वाईट केलं नाही, तरी वाटतं.

उद्या सकाळी, दादा ओसरीवर आले की, पहिलं वाक्य : दादा, चूक माझी आहे, काट्या काढा. पाठ केलं. गोठ्यात मोठ्यानं म्हणून पाहिलं. चांगलं वाटतं ऐकायला.

१२ फरवर्दी.

दादांकडं पाहुणे.

१४ फरवर्दी.

पाहुणे अजून आहेत.

१७ फरवर्दी.

पाहुणे गेले. शिफारशीचा कागद दादांनी पाहुण्यांसमोर वाचून दाखवला होता. "माझा धाकटा भाऊ कष्टाळू, प्रामाणिक व स्पष्टवक्ता आहे." अशा कागदानंतर लगेच दुसऱ्या दिवशी वाकडं बोलणं कसं दिसेल? चार दिवस जाऊ देतो.

२१ फरवर्दी. सकाळ.

आसारामचं घर बंद आहे. पहाटेच निघाले. मुक्तानं सांगितलं, मोगलाई सोडून इंग्रजी हद्दीत चाललेत, नगरकडं. ओढ्याकाठची जमीन कुणाला कसायला दिली ते माहीत नाही. म्हणजे कुणाला दिली ते माहीत आहे. दादांना.

तट्टू काढतो आहे. गाठतो त्यांना. मेंढ्या घेऊन माणूस किती लांब जाणार? काय बोलायचं ते सगळं तयार आहे.

संध्याकाळ.

कड्याच्या पुढं गाठले. मेंढ्या रस्ताभर पसरल्या होत्या. उरलेली कोकरं त्यांच्या तट्टावरच्या जाळीत होती, डोकी बाहेर काढून. चतुराबाई पुढं, आसाराम मागं. मला पाहून थांबला. रामराम केला.

मी सगळं बोललो. न अडखळता. चूक माझी, परत चला, गायरान तुमचं, काट्या काढायला लावतो, याद दुरुस्त करून घेतो, साहेबांच्या पायावर डोकं ठेवतो. एवढं चांगलं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं. चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, जमलं.

आसारामनं काठी जमिनीत टेकवली. विचारलं, "हे दादांस्नी बोललात का?"

मी म्हटलं, उद्या बोलतो.

तो रागावला नाही. मला वाटतं, रागावला असता तर मी तिथंच बसून राहिलो असतो. तो फक्त म्हणाला, "उन्हं कलायच्या आत तुमी माघारी फिरा, तट्टू दमलंय." आणि मेंढ्यांना हाक दिली. चतुराबाईनं मागं वळून पाहिलं नाही. मी बराच वेळ रस्त्यात उभा होतो. एक गाडीवाला आला, त्यानं बाजूला व्हायला सांगितलं, झालो.

घरी आलो तेव्हा दादा ओसरीवर होते. एकटेच. निवांत होते. पान लावत होते. पाहुणे नाहीत, अमावास्या नाही. मुक्ता दाराआड येऊन उभी राहिलेली मला दिसली.

दादांनी विचारलं, कुठं गेलतास? मी म्हटलं, कड्याच्या बाजाराला. दादा म्हणाले, "आज कुठला बाजार बे?" आणि हसले.

मीही हसलो.